दसऱ्यापर्यंत ‘का’ नाही

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मी मागच्या हित्तलात उतरतच नाही. घरामागच्या मोकळ्या जागेला आम्ही म्हैसूरची मराठी माणसं हित्तल म्हणतो. पुस्तकातला ‘परस’ हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. स्वयंपाकघराच्या दारात वेताची खुर्ची टाकायची, कॉफीचा लोटा दोन्ही हातांत धरायचा आणि बसायचं, एवढंच आता होतं. समोर बघण्यासारखंही फार उरलेलं नाही. एक कढीपत्ता, एक रोगट लिंबू आणि शेजारच्या तीन मजली भिंतीची सावली. वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक जोडपं राहतं. ‘तुमचं मराठी किती वेगळं आहे हो काकू,’ असं ती बाई मला दर आठवड्याला नव्यानं सांगते. तिची मुलगी झाडासमोर फोन धरते, फोन झाडाचं नाव सांगतो, की ही पळाली पुढच्या झाडाकडे. परवा म्हणाली, “आजी, एका तासात सगळी कॉलनी संपवली!” मी म्हटलं, “शाब्बास.” पूर्वीची मी असते तर तिला धरून एका झाडासमोर बसवलं असतं आणि डोकं खाल्लं असतं. आता वाद घालणं जिवावर येतं. आणि खरं सांगायचं तर, नुसतं बघत बसण्याचं जे शिक्षण मला मिळालं त्याबद्दल बोलायला लागले की त्या दसऱ्याशी येऊन अडकायला होतं. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण एकाही वर्गाला हे सांगितलं नाही. आता लिहून टाकते आणि मोकळी होते.

माझे वडील, अप्पा, जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतांचे नकाशे बघायचे आणि संध्याकाळी आपल्या हातरुमालाएवढ्या हित्तलात येऊन बसायचे. कपडे धुण्याचा मोठा दगड होता, त्यावर एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी. माझी मोठी बहीण, अक्का, कधी बसली नाही. “तुम्ही दोघं काय ते मुंग्यांचे पाहुणे,” असं म्हणून ती आत मोगऱ्याचे गजरे करायची. मी बाराव्या वर्षात होते तेव्हा अप्पांनी एका विजयादशमीला मला लांबट कोरी वही दिली आणि नियम सांगितला. रोज या दगडावर बसायचं. दिसलं ते, ऐकलं ते, वास आला तो, हाताला लागलं ते लिहायचं. नाव ठाऊक नसलं तरी अडायचं नाही. एकच पान धरून बसायचं नाही, सगळं हित्तल बघायचं. वारा, आईचं धुण्याचं पाणी, शेजारची कोंबडी, सगळं. आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत ‘का’ विचारायचं नाही. “वर्षभर ‘का’ साठव,” ते म्हणाले, “पुढच्या विजयादशमीला सगळ्यांत मोठा एक विचार. तेवढ्याचं उत्तर आपण दोघं मिळून शोधू. तोपर्यंत सुम्ने नोडु.” नुसतं बघ. वही ते उघडणार नव्हते. मात्र रोज संध्याकाळी कॉफी पिताना विचारायचे, “हं पुट्टी, आज नवीन काय?” पुट्टी म्हणजे छोटी, मीच. काल सांगितलेलं आज चालायचं नाही. एखाद्या दिवशी मी रडकुंडीला यायचे, काहीच नवीन नाही म्हणायचे, तर ते म्हणायचे, “मग जा, परत बस.” आई आतून ओरडायची, “अय्यो, अभ्यास तरी करू द्या तिला!” आणि खलबत्त्यात मिरी कुटायचा तिचा आवाज रागानं वाढायचा.

ती वही अजून माझ्याकडे आहे. बारा वर्षांच्या मुलीचं गिचमिड अक्षर आणि त्यात कसल्याही शिस्तीचा पत्ता नाही. एका पानावर लिहिलंय की आईनं साबणाचं पाणी ओतल्यावर मुंग्यांची रांग तुटते आणि कावळ्यानं भात उचलेपर्यंत परत जुळत नाही. दुसरीकडे लिहिलंय की सांबाराला फोडणी बसली की लिंबावरचा छोटा पक्षी उडतो, साराला बसली तर उडत नाही. हसू येतं. पण सारात तेल कमी, ठसका कमी, हे मला फार पुढे सुचलं. तेव्हा सुचायचं नव्हतंच, तोच तर नियम होता. त्या वर्षात मला एक सवय लागली ती आजतागायत सुटलेली नाही: कुठेही गेले की आधी गप्प उभी राहते. माझे यजमान, देव त्यांचं भलं करो, याला कंटाळून गेले होते.

हित्तलाच्या कोपऱ्यात, धुण्याचं पाणी जिथं जायचं तिथं, रसबाळ्याचं बेट होतं. नंजनगूडची ती बुटकी, पातळ सालीची, सुवासिक केळी. आजोबांनी लावलेल्या एका केळीची ही सगळी पिल्लं. आमच्यात एक रीत होती. मुलीचं लग्नानंतरचं पहिलं नवरात्र माहेरी व्हायचं आणि ती परत निघाली की तिच्यासोबत माहेरच्या केळीचं पिल्लू द्यायचं, बुडाच्या मातीच्या गोळ्यासकट, गोणपाटात बांधून. विजयादशमीला सासरी ते जमिनीत लावायचं. त्या दिवसाला मुहूर्त बघावा लागत नाही. आत्यांच्या घरी, आईच्या मावशीच्या घरी, सगळीकडे अशा केळी होत्या आणि आई त्यांची चौकशी माणसांसारखी करायची. अक्काचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं, सोसले नावाच्या गावात. भावोजींचं घर म्हणजे दीडएक एकराची केळीची बाग आणि तिच्यावर चालणारी सात माणसं. सगळी बाग रसबाळ्याची. दुसरं उत्पन्न नाही. म्हणून आई जरा हसलीच होती, “केळीच्या बागेत केळ काय द्यायची!” पण रीत ती रीत.

श्रावणात आमच्या बेटातल्या एका केळीची खालची पानं कडेनं पिवळी व्हायला लागली. मी लिहिलं. मग ती देठाशी मोडून खोडाभोवती लोंबायला लागली, परकरासारखी. तेही लिहिलं. बुडाशी खोड उभं चिरलं. संध्याकाळी मी अप्पांना सांगितलं, “मोठ्या केळीनं परकर नेसलाय.” ते हसले. आई म्हणाली, “पाणी जास्त होतंय तिला, दुसरं काय.” झालं. आईनं न विचारलेल्या ‘का’चं उत्तर देऊन टाकलं आणि सगळ्यांना ते पटलं. त्यानंतर त्या केळीकडे अप्पांनीही वळून बघितलं नाही. मी बघत होते, पण मलाही वाटायचं, पाणीच. आता वाटतं, आईनं ते बोलायलाच नको होतं. पण त्या माउलीला काय बोल लावायचा, तिचा दिवस पाण्यातच जायचा.

नवरात्रात आमच्याकडे सप्तमीला पुस्तकं पूजेला बसतात. देवघरात पाट, पाटावर पुस्तकांची चळत, वर गंध-फूल. तिथून विजयादशमीच्या सकाळपर्यंत वाचायचं नाही, लिहायचं नाही, एक अक्षर नाही. एरवी आम्हा मुलांना हा केवढा आनंद! त्या वर्षी मी माझी वहीही चळतीत ठेवली आणि पहिल्यांदाच ते तीन दिवस जड गेले. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे नवमीला, सकाळी घरात नुसती धावपळ. अक्का आणि भावोजी आलेले, सायकल धुऊन ठेवलेली, शिवणयंत्राला हळदीकुंकू, पुळियोगरेच्या चिंचभाताचा वास, कोहळा कोपऱ्यात. दाराला केळीचे खांब बांधायचे राहिलेले आणि आई सारखी ओरडतेय, “राहुकाळ लागायच्या आत आटपा!” अप्पा नवं धोतर नेसलेले. केळीचा चीक लागला तर डाग जात नाही म्हणून त्यांनी अंग मागे घेऊन, तोंड फिरवूनच कोयता चालवला. दोन जवान केळी पडल्या. त्या त्यांनी तशाच उचलून दाराशी नेल्या आणि वाळूच्या बादल्यांत खोवल्या. भावोजींनी त्याच बेटातून कुदळीनं दोन पिल्लं काढली, मातीसकट बांधली आणि विहिरीशी सावलीत ठेवली. मग कोयता, कुदळ सगळं धुऊन पूजेला गेलं.

मी मागे राहिले, कारण सवय. जमिनीत दोन खुंट उरले होते, ओले. एक आतून पांढराशुभ्र. दुसऱ्याच्या आत तांबूस-तपकिरी ठिपके, एकाला एक लागून, त्यांचं गोल कडं आणि आत आणखी एक कडं. कुणीतरी शाईत काडी बुडवून मांडल्यासारखं. मी गुडघ्यावर बसून बघितलं, वास घेतला, बोट लावलं. जेवणानंतर परत गेले. तिन्हीसांजेला परत गेले. आता ते काळं पडत चाललं होतं. मला भीती वाटली नाही, आनंद झाला! वर्षभर साठवलेल्या सगळ्या ‘का’मध्ये हा सर्वांत मोठा होता आणि तो फक्त मला सापडला होता. लिहिता येत नव्हतं हे खरं, पण बोलायला कुणी बंदी केली नव्हती. अप्पा संध्याकाळी कॉफीला बसले तेव्हा म्हणाले, “पुट्टी, आज नवीन काय?” मी म्हटलं, “उद्या सांगेन. उद्या दसरा.” ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “बरं.” भावोजी शेजारीच बसले होते. पिल्लं विहिरीशी होती. मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. मला माझा प्रश्न मिरवायचा होता, म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं.

पहाटेच्या बसनं अक्का-भावोजी गेले, पिल्लं टपावर टाकून. लावायची तर आजच लावायची म्हणून घाई. आम्ही आंघोळी केल्या, आईनं पूजा उतरवली, पुस्तकं हलवली. प्रत्येकानं एकेक ओळ वाचायची असते, ती वाचली. मग अप्पा दगडावर येऊन बसले, अगदी परीक्षा घ्यायला बसावं तसे, आणि म्हणाले, “हं. विचार.” मी विचारलं, “केळीच्या आत तांबड्या ठिपक्यांचं कडं का आहे?” “कुठल्या केळीच्या?” मी खुंट दाखवला. रात्रीतून तो वरून पार काळा पडला होता, काहीच दिसत नव्हतं. अप्पांनी आतून चाकू आणला आणि वरची एक चकती कापून काढली. खाली ते कडं, तसंच. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. कचेरीत गावोगावचे लोक यायचे, कुठल्या बागा कोणत्या रोगानं बसल्या आणि त्याची खूण काय, हे त्यांच्या कानावर होतं. चकती हातात धरूनच त्यांनी विचारलं, “हे कधी पाहिलंस?”

मी म्हटलं, “आत्ता. सकाळी.”

त्यांनी चाकूकडे बघितलं, चकतीकडे बघितलं, आणि चप्पल घालून निघाले. आई विचारतेय, “अहो कुठं, पानं मांडलीत!” तर मागे वळूनही नाही. मी वही उघडली आणि वर्षातली शेवटची नोंद लिहिली: विजयादशमी, सकाळी. त्या वहीत तेवढीच एक नोंद खोटी आहे.

अप्पा सोसल्याला पोचले तेव्हा दुपार झाली होती. पिल्लं लावून झाली होती, बागेच्या वरच्या अंगाला, पाटाच्या तोंडाशी. मानाची जागा म्हणून. मातीचा गोळा फोडून त्यांनी आधी पाटातच भिजवला होता. अप्पांनी स्वतःच्या हातानं ती पिल्लं उपटली आणि जाळायला लावली. दसऱ्याच्या दिवशी माहेरची केळ उपटून जाळणारा व्याही त्या घरानं कधी बघितला नव्हता. अक्काच्या सासूबाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात पाटाकडच्या केळी कडेनं पिवळ्या झाल्या. मग त्यांच्या खालच्या. दोनेक वर्षांत बाग गेली. त्यांनी ऊस लावला, तो काही जमला नाही. भावोजी नंजनगूडच्या एका कारखान्यात पाळीवर जाऊ लागले आणि शेतात वाढलेला तो माणूस यंत्राच्या आवाजानं दोन्ही कानांनी बहिरा झाला. अक्काला सासरी बोल लागला तो लागलाच. सासूबाई जाईपर्यंत घरात काहीही बिनसलं की ‘माहेरची केळ’ निघायची. अक्का उत्तर द्यायची नाही. माहेराहून तिनं नंतर कधी साधं लिंबूही नेलं नाही.

वनस्पतिशास्त्र शिकल्यावर मला कळलं की ते कडं म्हणजे बुरशीचा रोग आणि तो मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. त्या काळात तो आसपासच्या कितीतरी बागांमध्ये एकदमच निघाला होता. आमच्या मातीतून गेला की आधीच तिथं होता, हे आज कुणीही सांगू शकणार नाही. मी वेळेवर बोलले असते तरी कदाचित बाग गेलीच असती. हे मी स्वतःला इतक्या वेळा समजावलं आहे की आता त्यातलं अक्षरही कानाला लागत नाही. कारण मला जाचत होतं ते वेगळंच. त्या दसऱ्यानंतर अप्पांनी मला “आज नवीन काय?” असं परत कधी विचारलं नाही. दगडावर बसणं थांबलं. संध्याकाळी घरी आले की ते ओसरीवर वर्तमानपत्र धरायचे. मी मनाशी ठरवून टाकलं की ते स्वतःलाच खाताहेत: खांब मी कापला, बघायला शिकवणारा मी, आणि मीच तोंड फिरवून कोयता चालवला. मी खरं सांगितलं असतं तर त्यांच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं असतं. मी नाही सांगितलं. शाळा झाली, कॉलेज झालं, माझं लग्न झालं, रोज उद्या सांगेन म्हणत राहिले. एक दिवस ते गेले. भित्री होते मी, दुसरं काय.

भावोजींच्या पश्चात अक्का माझ्याकडेच असते. ऐंशीला आली, जवळचं दिसत नाही, ऐकू कमी येतं, पण लांबचं सगळं दिसतं आणि बोलायला तोंड आहे. गेल्या आयुधपूजेला मी कोपऱ्यावरून खांबांची जोडी आणवली. हल्ली तयार बांधूनच मिळतात, कुठल्या बागेतले काय ठाऊक. बादलीत घालण्याआधी मी ते आडवे करून बूड बघत होते. पांढरं होतं. दरवर्षी बघते. अक्का खुर्चीतून म्हणाली, “अजून बघतेस?”

“सवय,” मी म्हटलं.

“सवय म्हणे.” मग अगदी भाजीचं काहीतरी सांगावं तशी म्हणाली, “अप्पांना माहीत होतं गं. तू आदल्या दिवशीच बघितलंस ते.”

मी खांब खाली ठेवून तिच्याकडे वळले.

“बागेत पिल्लं उपटून झाल्यावर बांधावर बसले होते. रडत होते. मला म्हणाले, काल तीन वेळा पुट्टी त्या खुंटाशी बसलेली बघितली, खिडकीतून. काहीतरी मोठं सापडलंय तिला, हे कळलं. विचारणार होतो. पण म्हटलं, नको, उद्या तिचा दसरा आहे, तिचा प्रश्न तिलाच विचारू दे. मी तिच्याकडे बघत बसलो, ती कशाकडे बघतेय ते नाही बघितलं. असं म्हणाले.” अक्कानं पदरानं नाक पुसलं. “आणि सकाळी तू म्हणालीस, आत्ता पाहिलं. खुंट तर काळा पडलेला. त्यांना काय कळलं नसेल, अल्वा, नाही का?”

“मग मला बोलले का नाहीत? रागावले का नाहीत? परत विचारलं का नाही कधी?” माझा आवाज चढला. म्हातारपणी आपण किती वेळात बारा वर्षांचे होतो!

“कसं विचारणार? विचारलं असतं तर तुला परत खोटं बोलावं लागलं असतं, म्हणायचे. मला शपथ घातली होती, जीव आहे तोवर पुट्टीला सांगायचं नाही म्हणून.” मग तीच हसली, दमलेलं हसू. “कुणाच्या जिवाची शपथ होती ते विसरले मी. साकु आता, पुरे. किती दिवस वागवायचं.”

सासू जाईपर्यंत ती बाई टोमणे ऐकत होती, माझ्या घरी येऊन माझ्या हातची कॉफी पीत होती, आणि तिला सगळं माहीत होतं. मी तिचे पाय धरायला वाकले, तर गुडघा वाकेना. “राहू दे, पडशील,” ती म्हणाली. मी तशीच तिच्या खुर्चीचा हात धरून उभी राहिले आणि पोटभर रडले. वरच्या मजल्यावरची मुलगी जिन्यातून डोकावली आणि गुपचूप परत गेली.

मला तेव्हाच वही काढायची होती, पण वही पूजेत होती. दरवर्षी ठेवते मी ती पुस्तकांत. तेव्हा एक रात्र थांबले. सकाळी पूजा उतरवली, चळतीतून वही ओढली आणि शेवटचं पान काढलं. ‘विजयादशमी, सकाळी’ यावर रेघ मारली. खाली लिहिलं: आदल्या दिवशी, अकराच्या सुमारास. जेवणानंतर परत. तिन्हीसांजेला परत. अप्पांनी विचारलं होतं, मी सांगितलं नाही.

“काय लिहिलंस?” अक्का खुर्चीतून म्हणाली. “मला दिसत नाही. वाच.”

तिला ऐकूही कमी येतं, म्हणून मी मोठ्यानं वाचलं.